चौकटची राणी

माझा डावा डोळा एका रिकाम्या पिंपानं खाल्ला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर मध्येच कुणीतरी विचारतं आणि गोष्ट राहते बाजूला, डोळ्याचीच चौकशी सुरू होते. मी पिंपं कापायच्या दुकानात गॅसचा कटर चालवायचो. जुनी लोखंडी पिंपं यायची, आम्ही ती उभी चिरून सपाट पत्रा करायचो. कुणी त्याचं छप्पर घालायचं, कुणी पाण्याची टाकी करायचं. एके दिवशी मालक एका पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "रिकामंच आहे, घे." मी घेतलं. पुढचं मला दवाखान्यात कळलं. डोळा गेला, डावा कान निम्मा गेला. डोकं तर आधीपासूनच फिरलेलं होतं, असं आमची ही म्हणते.

पण मला सांगायचंय ते माझ्या सुनेबद्दल.

सून माल डेपोत कामाला आहे. शहराच्या कडेला भिंत घातलेलं मोठं आवार, आत ट्रकांची रांग, पत्र्याची गोदामं आणि फाटकाशी एक छोटी खोली. त्या खोलीत ती बसते, म्हणजे बसत नाहीच, उभीच असते. जो माल पेट घेतो, ज्यानं विषबाधा होते, जो हातावर सांडला तर कातडी सोलून काढतो, असला माल तिच्या शिक्क्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. खोक्यात नेमकं काय आहे ते कागदावर लिहिलेलं असतंच. पण हमाल कागद वाचत नाही, तो खोकं बघतो. म्हणून खोक्यावर लेबल. पंजाएवढं चौकोनी, पण सरळ नाही लावायचं, टोकावर उभं करायचं, पत्त्यातल्या चौकटीसारखं. लाल चौकट आणि आत ज्वाळा असली तर माल पेटणारा. पांढरी चौकट आणि कवटी असली तर विष. एक चौकट अशी आहे की तिच्यात बाटलीतून थेंब पडतात आणि खाली एक हात झिजतोय. ती बघितली की माझा मी हात मागे घेतो.

या चौकटींवरून डेपोतल्या लोकांनी तिचं नाव पाडलं, चौकटची राणी. सुरुवातीला ते टिंगलीनं, पाठीमागे म्हणायचे. आता तोंडावर म्हणतात आणि म्हणताना जरा सरळ उभे राहतात.

मी तिला पहिल्यांदा काम करताना बघितलं तेव्हा मला राग आला होता. ती डबा घरीच विसरली होती. आमची ही म्हणाली, जा, देऊन या, तेवढेच पाय मोकळे होतील. मी उन्हातनं गेलो तर सूनबाई एका खोक्याभोवती फिरत होत्या. एक बाजू, दुसरी बाजू, वरची बाजू, मग गुडघे टेकून खालची कड. सासरा डबा घेऊन उभा आहे याची त्या बाईला दखलच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोक्यावर वर तोंड केलेल्या बाणांचं चित्र होतं, म्हणजे हे खोकं आडवं पाडू नका. तिनं कपाटातून तसंच दुसरं चित्र काढलं आणि समोरच्या बाजूला लावायला घेतलं.

मी जरा कुजकटपणेच विचारलं, "एक पुरत नाही वाटतं?"

तेव्हा तिनं वर बघितलं. "बाबा, हमाल कुठल्या बाजूनं येईल ते मला आधी कुठं ठाऊक असतं?"

राग तिथंच बसला. मी जन्मभर हातानं काम केलंय. खरं काम करणारा माणूस मला पाठमोरा दिसला तरी ओळखू येतो. त्या दिवसापासून डबा न्यायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. डबा देतो आणि फाटकाशी पहारेकऱ्याच्या बाकावर बसून राहतो. आमची ही म्हणते, लोक म्हातारपणी देवळात जाऊन बसतात आणि आमचे हे सुनेच्या ऑफिसात. म्हणू दे.

ती लेबल कसं लावते ते बघण्यासारखं आहे. आधी जागा पुसते. मग लेबलाचं वरचं टोक धरून ते नुसतं टेकवते, चिकटवत नाही. चित्र सरळ आहे ना, धोक्याच्या प्रकाराचा आकडा खालच्या टोकात आला ना, हे बघते. मग तळहातानं मधून बाहेर दाबत जाते, कपड्याला इस्त्री करावी तसं. शेवटी चारी कडांवरून अंगठ्याचं नख फिरवते. आणि मग दोन पावलं मागे येऊन डोळे बारीक करून बघते. का, तर ट्रकात चढलेल्या माणसाला लांबून ते कसं दिसेल ते तिला बघायचं असतं. एकदा कुणीतरी लेबल खोक्याच्या कोपऱ्यावरून दुमडून लावलं होतं, कवटीचा एक डोळा या बाजूला आणि एक त्या बाजूला. तिनं ते परत पाठवलं. म्हणाली, "अर्धी कवटी बघून माणूस अर्धाच घाबरतो."

आणि नुसतं लेबल नाही म्हणूनच ती अडवते असंही नाही. एक गृहस्थ आले होते, आपल्या आईचा जुना आरसा लांब राहणाऱ्या बहिणीकडे पाठवत होते. हमालांनी जपून न्यावा म्हणून त्यांनी खोक्यावर कुठूनतरी मिळवलेली कवटी लावली होती. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. तिनं नखानं कवटी सोलून काढली. गृहस्थ चिडले. "अहो बाई, घाबरले तर घाबरू दे की, तुमचं काय जातं?" ती म्हणाली, "आज तुमच्या आरशाला घाबरतील. उद्या खऱ्या विषाला म्हणतील, असेल कुणाचातरी आरसा." लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो आणि सगळे विसरतो. ही एकटी विसरलेली नाही. मग तिनं स्वतः काच फुटण्याचं साधं चिन्ह त्यांना लावून दिलं आणि खोक्याला दोरीही बांधून दिली.

घरीसुद्धा तेच. आमच्या हिला जुन्या डब्यांचा सोस. बिस्किटाच्या डब्यात कपडे धुवायचा सोडा, सरबताच्या बाटलीत फिनेल. सून लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं त्या बाटलीवरचं संत्र्याचं चित्र भिजवून काढून टाकलं. सासूबाई फुगल्या. नावडतीचं मीठ अळणी, त्यातलीच गत. पुढं शेजारचं पोर आमच्याकडे खेळायला यायला लागलं, ओट्याखाली रांगत जाऊन सगळं तोंडात घालायला लागलं, तेव्हा आमच्या हिनं गुपचूप उरलेल्या बाटल्याही सुनेपुढं आणून ठेवल्या. बोलली काही नाही. सासवा असं बोलत नसतात.

आता मुलगा. तो ड्रायव्हर आहे, बदली ड्रायव्हर. म्हणजे कायमचा ड्रायव्हर आजारी पडला, रजेवर गेला, की गाड्यांचा मालक याला हाक मारणार. हाक कधी येईल त्याचा नेम नाही. तोंडात घास असला तरी उठायचं. लग्न झाल्यापासून नवरा-बायकोनं संध्याकाळचं जेवण शेजारी बसून किती वेळा घेतलं ते बोटांवर मोजता येईल. सुनेनं एकदा आमच्या हिला म्हटल्याचं मी ऐकलं होतं, "आई, ते कायम झाले ना, की मला दुसरं काही नको. संध्याकाळी घरी यावेत बस." मला ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालतात, त्यामुळे घरातलं बरंचसं माझ्या उजव्या कानाला कळतं.

आणि ती संधी आली. मालकाला नदीपलीकडच्या गावाच्या रोजच्या फेरीसाठी एक कायमचा माणूस हवा होता. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दोघं उमेदवार होते, एक आमचा आणि एक दुसरा. मालकानं सांगितलं, रंगाच्या कारखान्यातून रिकामी पिंपं उचल, डेपोत शिक्का घे आणि पलीकडच्या पिंपवाल्याकडे पोचव. मी स्वतः तिथं असेन. दुपारी बाराच्या आत माल नीटनेटका उतरला तर फेरी तुझी.

त्या दिवशी मी डबा घेऊन लवकरच गेलो. मुलाची गाडी फाटकाशी लागलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. गाडीत निळी पिंपं ओळीनं उभी, उन्हात आरशासारखी चमकत होती. मला बघून तो खाली उडी मारून आला.

"बाबा, बघितलं का? काल दुपारभर घासत होतो. सगळा चिकटलेला कचरा खरवडून काढला. मालकाला माल चकचकीत लागतो."

"छान," मी लांबूनच म्हणालो. पिंपांच्या जवळ मी जात नाही. डेपोत इतके दिवस बसतो, पण पिंपांची गाडी आली की मी बाकाचं दुसरं टोक धरतो. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. माझं तर दुधानंही नाही, रिकाम्या भांड्यानं पोळलंय.

सून खोलीतून बाहेर आली, हातात शिक्का आणि कागद. तिनं कागद बघितला, गाडीत चढून पिंपं बघितली, परत कागद बघितला.

"ड्रायव्हर, लेबलं कुठायत?"

हे सांगायला हवं की घरी ती त्याला अहो म्हणते, पण फाटकाशी फक्त ड्रायव्हर. नोकरीला लागली तेव्हाच तिनं तो नियम केला होता. नाहीतर बाकीचे म्हणतील नवऱ्याला सूट देते. आजवर तो नियम एकदाही मोडला नव्हता.

"लेबलं?" मुलगा हसला. "ती काढली ना. फाटलेली होती, घाण दिसत होती. आणि पिंपं रिकामीच आहेत की."

"आधी काय होतं यात?"

"थिनर. पण आता थेंब नाही आत. उलटं करून दाखवू?"

"थेंब नसेल, वाफ आहे. झाकण काढून वास घ्या." ती थांबली. "भरलेलं पिंप पेटतं. रिकामं पिंप फुटतं. धुऊन, वाफ घालवून साफ केल्याचा कागद मिळेपर्यंत याला तेच लेबल, जे भरलेल्याला होतं."

मुलाचं हसू मावळलं, पण वाद घातला नाही. "बरं, लाव मग पटकन. दहा मिनिटांचं काम."

तिनं लाल चौकटींचं रीळ आणलं. पहिलं लेबल टेकवलं, तळहातानं दाबलं, हात काढला. लेबल हळूच खाली घसरलं आणि तिच्या पायाशी पडलं. तिनं दुसरं लावलं. तेही घसरलं. तिनं बोटं नाकाशी नेली.

"रॉकेल?"

"चमक यावी म्हणून," मुलगा म्हणाला. आणि म्हणतानाच त्याला कळलं. अख्ख्या पिंपांना त्यानं स्वतःच्या हातानं रॉकेलचा हात दिला होता. त्यावर काही चिकटणार नव्हतं. एकेक पिंप साबणाच्या पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं आणि मग लेबल. दहा मिनिटांचं काम आता बाराच्या आत होणार नव्हतं.

"आजच्या दिवस सोड," तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही सोडता येणार."

"अगं, कुणाला कळणारे?"

"लेबल लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, ड्रायव्हर."

मग मात्र त्याचा तोल गेला. गोदामातले हमाल बाहेर येऊन बघायला लागले, एवढा आवाज चढला. "ड्रायव्हर ड्रायव्हर काय लावलंयस! घरी बायको आणि इथं पोलीस! जन्मभर बदलीच राहू का मी? तुलाच हवं होतं ना, संध्याकाळी घरी यावं म्हणून?"

 तिनं पायाशी पडलेली दोन्ही लेबलं उचलून त्यांची घडी केली, ते मला बाकावरून, एका डोळ्यानंसुद्धा दिसलं.

डेपोचे साहेब आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. साहेब वाईट नाहीत, पण त्यांना गाड्यांची रांग दिसते, बाकी काही दिसत नाही. "अहो बाई, रिकामी पिंपं आहेत. मागे किती गाड्या खोळंबल्यात. द्या सोडून."

तिनं शिक्का त्यांच्यापुढं धरला. "साहेब, हा घ्या. सही तुम्ही करा, मी बाजूला होते. मला राग नाही येणार."

साहेबांनी शिक्क्याकडे बघितलं, पिंपांकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि म्हणाले, "तुमचं काम तुम्हालाच कळतं, बाई." आणि आपल्या खोलीत निघून गेले.

खरं सांगतो, त्या घडीला मीही बाकावरून उठलो होतो तो सुनेला समजवायलाच. तिची बाजू बरोबर आहे हे मला कळत होतं. पण पोराचा चेहरा बघवत नव्हता. बाप म्हणजे शेवटी बापच, कितीही डोळा फुटलेला असला तरी. मनाशी ठरवलं होतं, जवळ जायचं आणि म्हणायचं, सोड पोरी, आजच्या दिवस सोड. म्हणून मी गाडीजवळ गेलो. किती तरी वर्षांनी पिंपाच्या इतक्या जवळ.

तेवढ्यात ती, कुणाशी न बोलता, कामाला लागली होती. साबणाचं पाणी आणून तिनं पहिल्या पिंपाची एक बाजू पुसली, कोरड्या फडक्यानं कोरडी केली. पिंपाचा निळा रंग उन्हानं विटलेला होता. पण त्या विटलेल्या रंगात एक तुकडा कोराकरकरीत निळा होता, टोकावर उभा. जिथं आधी लेबल होतं तिथं ऊन पोचलं नव्हतं. मुलानं लेबल खरवडून काढलं होतं, पण त्याची जागा काही त्याला खरवडता आली नव्हती. तिनं नवी लाल चौकट उचलली आणि त्या तुकड्यावर टेकवली. टोकाला टोक, कडेला कड. डब्याला झाकण बसावं तशी बसली.

समजवायचं होतं ते मी विसरलोच.

कारण तो तुकडा मी पूर्वी बघितला होता. माझ्या त्या पिंपावर. दोन्ही डोळ्यांनी बघितला होता. ते पिंप हिरवं होतं आणि त्याच्या पोटावर असाच एक कोरा, गडद, टोकावर उभा तुकडा होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, कारखान्यानं शोभेसाठी काहीतरी रंगवलं असेल.

"इथूनच," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "काय इथूनच, बाबा?"

मी त्या चौकटीच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. "त्या दिवशी खडू संपला होता. कापायची रेघ कुठून धरायची ते बघत होतो. पिंपावर हा असा तुकडा होता. म्हटलं, बरं झालं, आयतंच टोक मिळालं. इथं कटर लावला मी." बोट तिथंच ठेवून मी पुढं म्हणालो, "कुणीतरी ते पिंप स्वच्छ करून पाठवलं होतं, बाळा. तुझ्यासारखंच. चांगलं दिसावं म्हणून."

 लहानपणापासून मुलानं एवढंच ऐकलं होतं की बाबांच्या डोळ्यात ठिणगी गेली. आम्ही घरात तसंच सांगत आलो. ठिणगी लहान वाटते, लहान मुलाला सांगायला बरी.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थांबला नव्हता. ती मधून बाहेर दाबत होती.

"फडकं दे," मी तिला म्हणालो.

"बाबा, तुम्ही नको."

"फडकं दे म्हणतो ना!"

माझा आवाज चढला की ती वाद घालत नाही. तिनं फडकं दिलं. मी पुढच्या पिंपाला हात लावला. गार होतं. वाटलं होतं तसं काही झालं नाही. लोखंडच ते, दुसरं काय. मी पुसायला लागलो. थोड्या वेळानं माझ्या शेजारी पाण्याची बादली आली आणि बादलीमागून इस्त्रीच्या शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या.  मुलानं माझ्यापेक्षा जास्त पिंपं पुसली.

आम्ही पुसत होतो, ती लावत होती. ऊन वर वर चढत होतं. हमालांपैकी दोघं आपणहून आले आणि कोरडी फडकी देत राहिले. मी मुलाच्या हाताकडे बघत होतो, त्याच्या हाताला घाई होती. माझ्याही होती. तिच्या नव्हती. पहिलं लेबल जसं लावलं तसंच शेवटचं. जागा बघायची, टोक धरायचं, आकडा खाली, तळहात, नख. लेबलाच्या शेजारी मालाचं नाव आणि त्याचा चार आकडी नंबर. पिंपाच्या अंगाभोवती जी उठावाची कडी असते तिच्यावर लेबल चढू द्यायचं नाही, कारण कडीवर चढलेलं लेबल पिंप गडगडवताना सोलून निघतं. आपल्याच हातानं नवऱ्याच्या संध्याकाळी घरी येण्यावर पाणी सोडायचं आणि तरी एक कड वाकडी जाऊ द्यायची नाही, हे मी तरी दुसऱ्या कुणात बघितलेलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की राग आला. कुणावर ते विचारू नका.

शेवटी ती दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि कागदावर शिक्का मारला. मुलगा गाडीत चढला. तिच्याकडे बघितलंही नाही त्यानं. गाडी फाटकातून हलली तेव्हा ती खिडकीपाशी गेली.

"अहो," ती म्हणाली, "सावकाश जा."

पहारेकऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी नाक शिंकरल्यासारखं केलं.

घरी येऊन आमच्या हिला सांगितलं तर तिनं घर डोक्यावर घेतलं. हाता-तोंडाशी आलेला घास, घरच्याच माणसानं पाडला, कुठं फेडशील वगैरे. सून संध्याकाळी आली, हात-पाय धुतले आणि स्वयंपाकाला लागली. सासूचं सगळं ऐकून घेतलं. मी मध्ये पडणार होतो, पण तिनं मान हलवून नको म्हटलं.

मुलगा दिवेलागणीला आला. दारातच बसून बूट काढायला लागला. 

"मालक निघून गेले होते," तो म्हणाला. "फेरी दुसऱ्याला दिली."

आमच्या हिनं कपाळावर हात मारला. सुनेचा हात भाजीत थांबला. मग तिनं मागे न वळताच विचारलं, "लेबलं टिकली का?"

"ऐकलंत?" आमची ही ओरडली. "पोराची नोकरी गेली आणि हिला लेबलांची पडलीय!"

"टिकली," मुलगा म्हणाला. "एकही सुटलं नाही. मी रस्त्यात दोनदा थांबून बघितलं."

आमच्या हिनं कपाळावरचा हात खाली घेतला.  उशीर झालेला ड्रायव्हर वाटेत दोनदा थांबतो म्हणजे काय, ते ड्रायव्हरच्या आईला कळतं.

मुलगा आत येऊन माझ्यासमोर बसला. "बाबा, तिथं पिंपं उतरवून घ्यायला एक म्हातारा होता. कापायचं कामही तोच करतो. माझ्या आधी आलेल्या गाडीत गोडेतेलाची पिंपं होती, त्यांच्यावर लेबल नव्हतं. ती त्यानं सरळ कापायच्या बाजूला गडगडवत नेली. मग माझं पहिलं पिंप उतरलं. त्यानं चौकट बघितली आणि पिंप वळवलं. दुसऱ्या बाजूला नेलं, धुवायच्या. दुसरंही तसंच. सगळीच तशी.  मी विचारलं, मामा, वाचता येतं का? तर म्हणाला, नाही रे बाबा, आगीचं चित्र तेवढं कळतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. चहा पाजला मला." तो जमिनीकडे बघत होता. "तुमच्याच वयाचा असेल. खांद्यावर कटरची नळी. दोन्ही डोळे होते त्याला."

  माझा उरलेला डोळा भरून आला आणि तो मी पुसलाही नाही.

आमची ही उठली. चुलीपाशी गेली आणि सुनेच्या हातातला पळा काढून घेतला.

"बस तू," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी बस. आज आलाय तो संध्याकाळी घरी. गरम आहे तोवर दोघं जेवून घ्या, मी वाढते."